तैवानी बाप मुळातच अबोल? खुलासा

‘तैवानमधले वडील मुलाला कधी जवळ घेत नाहीत, प्राचीन चिनी विचारवंत कन्फ्यूशियसची शिकवणच तशी,’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. शिकवणीचा वाटा आहेच, पण सगळं खापर तिच्यावर फोडणं म्हणजे इतिहास गिळून टाकणं.

१९४५ पर्यंत तिथे जपानी सत्ता होती, शाळाही जपानी. बाप तिथे शिकले; पुढे सत्ता बदलली आणि मुलं मँडरिनमध्ये, म्हणजे चीनच्या अधिकृत भाषेत, शिकली. घरातली तैवानी बोली वर्गात तोंडून निघाली तर दंड, नाहीतर गळ्यात पाटी! बाप-लेकाची शिकण्याची भाषाच वेगळी; मनातलं बोलायचं कशात?

त्यात १९४९ ते १९८७ लष्करी कायदा. ‘जास्त बोलू नकोस’ हा तेव्हा बापाच्या काळजीचाच सूर होता. दंतवैद्य हुआंग वेनगोंग यांना १९५३ मध्ये राजकीय आरोपावरून मृत्युदंड झाला. आदल्या रात्री त्यांनी बायको-मुलांना पत्रं लिहिली. धाकटी मुलगी तर त्यांनी पाहिलीही नव्हती, तिलाही लिहिलं. सरकारने ती पत्रं फायलीत दडपली; मूळ पत्रं घरच्यांच्या हाती पडली २०११ मध्ये. याला बापाचा अबोलपणा म्हणायचं?

आणि जे घरी होते, ते मुलाच्या ताटात माशाचा मऊ भाग सरकवून स्वतः डोकं चोखत बसायचे.