कमरेएवढ्या पाण्यातला श्वास

पोहायला शिकवताना आपण मुलांना आधी काय सांगतो? श्वास धर, नाक दाब आणि मार बुडी. स्कूबाच्या, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून पाण्याखाली श्वास घेण्याच्या, पहिल्या धड्यात नेमकं उलटं सांगावं लागतं. श्वास रोखायचा नाही, काहीही झालं तरी नाही. काठावरच्या पालकांना वाटतं, पाणी तर कमरेएवढंच आहे, एवढा बाऊ कशाला?

बाऊ करावा लागतो तो हवेच्या स्वभावामुळे. समुद्रसपाटीला आपल्यावर हवेचा जो दाब असतो, त्याला 1 वातावरण म्हणतात. पाण्यात दर 10 मीटरला त्यात आणखी एकाची भर पडते, म्हणजे 2 मीटरवर दाब साधारण 1.2 होतो. दाब कमी झाला की हवा त्याच प्रमाणात फुगते, हे रॉबर्ट बॉइलने 1662 मध्येच मांडलं होतं. आता एखाद्या मुलाने 2 मीटरवर सिलिंडरमधून छाती भरून, समजा 2 लिटर, हवा घेतली आणि घाबरून तोंड मिटून तो वर उसळला. पृष्ठभागावर त्याच हवेला 2.4 लिटर जागा लागते. आधीच गच्च भरलेल्या फुप्फुसात ती जागा आणायची कुठून? नाजूक वायुकोश फाटू शकतात आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. फुप्फुसं पूर्ण भरलेली असतील, तर एक-सव्वा मीटरचा चढही त्याला पुरतो.

मग बुडी मारून तळातलं नाणं काढणाऱ्या पोरांना काही का होत नाही? कारण त्यांनी हवा वर घेतलेली असते. खाली जाताना ती आक्रसते आणि वर येताना पुन्हा मूळ आकाराला येते, त्याहून मोठी होत नाही. खोली तीच, रोखलेला श्वासही तसाच, पण तो घेतला कुठे यावर सगळं ठरतं.

वरून नुसती लांब नळी सोडून खाली श्वास घेता येणार नाही का, असा प्रश्न मुलं हमखास विचारतात. प्रश्न चांगला आहे. 1 मीटर खोल पाणी छातीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जवळपास 100 ग्रॅमचा भार टाकतं; 20 बाय 20 सेंटिमीटरच्या भागावर तो 40 किलो होतो. एवढा भार रेटून छाती फुगवणं मोठ्यांनाही जमत नाही. 1943 मध्ये फ्रेंच नौदल अधिकारी झाक कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी तयार केलेल्या रेग्युलेटरने, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडात देणाऱ्या यंत्राने, हा प्रश्न सोडवला. मुलाने श्वास ओढला की आतला लवचीक पडदा आत दबतो, त्याने तरफ हलते, झडप उघडते आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतकीच हवा तोंडात येते. सिलिंडरमध्ये असते ती साधीच हवा, गाळून आणि दाबून भरलेली. त्याला सर्रास ‘ऑक्सिजनचं सिलिंडर’ म्हणतात, ते चूक आहे.

‘पाडी’ या प्रशिक्षण संस्थेच्या ‘बबलमेकर’ उपक्रमात 8 वर्षांपासून मुलं घेतात, तीही 2 मीटरपेक्षा कमी पाण्यात. माझ्या मते वयापेक्षा मुलाची इच्छा जास्त पाहावी. बापाच्या हौसेपायी पाण्यात उतरलेलं मूल लगेच ओळखू येतं. दमा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरवूच नये. सर्दी असेल तर तो दिवस सोडून द्यावा. मुलांची घसा आणि मधल्या कानाला जोडणारी नळी अरुंद आणि बरीचशी आडवी असते, त्यामुळे पहिल्या मीटरभरातच कानाला दडे बसतात. नाक चिमटीत धरून हलकेच हवा ढकलायची, दुखण्याआधीच. तरी दुखलं तर वर यायचं. नाक झाकणारा मास्क लागतो तोही याच दाबासाठी: खाली जाताना तो चेहऱ्याला आवळतो, तेव्हा नाकातून थोडी हवा आत सोडता आली पाहिजे. पोहण्याच्या गॉगलमध्ये ते शक्य नाही.

सुरुवात उभं राहूनच करावी. पाणी छातीपर्यंत, प्रशिक्षक हाताच्या अंतरावर. आधी पाण्याबाहेरच रेग्युलेटरमधून चार-पाच श्वास, मग गुडघे वाकवून तोंड पाण्यात. पडलेल्या दातांचं वय असल्याने मोठ्यांचा माउथपीस (रेग्युलेटरचा दातांत धरायचा भाग) धरून ठेवणं कठीण जातं; छोटा मागून घ्यावा. घाबरलेलं मूल भराभर, उथळ श्वास घेतं. अशा श्वासातली बरीचशी हवा श्वासनळीतच ये-जा करते, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि हवा पुरत नाहीये असं आणखीच वाटू लागतं. म्हणून सोडतानाचा श्वास लांबवायला शिकवायचं. रेग्युलेटर तोंडातून सुटलाच, तर ‘ऊऽऽ’ करत बारीक बुडबुडे सोडत राहायचं. आवाज निघतोय म्हणजे गळा उघडा आहे.

ओठ निळसर दिसले किंवा दात वाजू लागले की त्या दिवसापुरतं पुरे. पाणी हवेपेक्षा 20 पटींहून जास्त वेगाने उष्णता ओढून नेतं आणि लहान शरीर लवकर गारठतं.

खुणा मात्र आधी कोरड्यात पक्क्या करून घ्या. बुडबुडे पाहून खूश झालेलं पोर हमखास अंगठा वर करतं. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘मला वर जायचंय’ असा होतो; ‘ठीक आहे’ म्हणायला अंगठा आणि तर्जनीचा गोल करायचा असतो. चुकून अंगठा दाखवला तरी प्रशिक्षक खातरजमा करत बसत नाही, मुलाला घेऊन सावकाश वर येतो.