डिजिटल बीटाकॅम : अर्ध्या इंचाची टेप जिंकली कशी?

टीव्हीचं चित्रीकरण टेपवर व्हायचं त्या काळात एका टेपवरून दुसऱ्या टेपवर नक्कल केली की चित्र थोडं उतरायचंच. मूळ चित्रीकरण, त्यावरून संकलित टेप, मग शीर्षकं चढवलेली प्रत असं करत चौथ्या नकलेपर्यंत रंग पसरायचे, कडा विरायच्या. डिजिटल टेपचा खटाटोप सुरू झाला तो या झिजेतून सुटण्यासाठी. चित्र आकड्यांत नोंदवलं की नक्कल मुळाइतकीच चोख.

१९८६ साली सोनीची डी-१ ही डिजिटल टेप आली. चित्र अजिबात न दाबता, म्हणजे त्यातली माहिती कमी न करता, प्रकाश आणि रंग वेगवेगळे ठेवून ती नोंदवायची. दर्जा अप्रतिम, पण यंत्र अवजड आणि किंमत जबर, त्यामुळे ती मुख्यतः ग्राफिक्स करणाऱ्या बड्या स्टुडिओंतच राहिली. मग आलेली डी-२ आणि पॅनासॉनिकची डी-३ स्वस्त होत्या. मात्र त्यांत प्रकाश आणि रंग एकत्र कालवलेले असत. निळ्या पडद्यासमोर उभा केलेला माणूस कापून दुसऱ्या दृश्यात बसवायचा, तर हा काला नडायचा.

तोवर बातम्यांचं जग बीटाकॅमचं, म्हणजे सोनीच्या अर्ध्या इंची अ‍ॅनालॉग कॅसेटचं, झालं होतं. यू-मॅटिक या आधीच्या कॅसेटच्या काळात कॅमेरा एकाच्या खांद्यावर, रेकॉर्डर दुसऱ्याच्या आणि मध्ये केबल. १९८२च्या बीटाकॅमने दोन्ही एकाच खांद्यावर आणले, १९८६च्या बीटाकॅम एसपीने चित्र आणखी सुधारलं. जगभर वाहिन्यांच्या कपाटांत अर्ध्या इंचाच्या या कॅसेट साचत गेल्या.

१९९३ साली डिजिटल बीटाकॅम बाजारात आली ती याच कपाटांचा विचार करून. माझ्या मते तिच्या यशाचं खरं कारण हेच. तिच्या काही डेकमध्ये, म्हणजे टेप चालवणाऱ्या यंत्रांत, जुन्या एसपी टेपही वाजत, त्यामुळे नवं यंत्र घेतलं म्हणून जुना संग्रह मुका होत नसे. चित्र साधारण निम्म्यावर दाबलेलं, सेकंदाला सुमारे ९० मेगाबिट, छटांची नोंद १० बिटांत आणि ध्वनीचे चार ट्रॅक. प्रत्येक चौकट स्वतंत्र दाबलेली असल्याने कात्री कुठेही लावता येई. डोळ्याला फरक कळत नसे, आणि खर्च डी-१पेक्षा कितीतरी कमी. मुंबईच्या स्टुडिओंतही ‘डिजीबीटा’ हा शब्द रुळला.

मग टेपऐवजी संगणकाच्या फाइली आल्या. मार्च २०११च्या भूकंप-त्सुनामीत सोनीच्या सेंदाईजवळच्या टेप कारखान्याचं नुकसान झालं, एचडीकॅम एसआर या सोनीच्या एचडी टेपची टंचाई पडली आणि टेप सोडण्याची घाई वाढली.

आता जुन्या टेप फाइलीत उतरवायच्या आहेत, आणि चिंता आहे ती टेपइतकीच यंत्राची. फिरत्या ड्रमवरचे, टेप वाचणारे हेड झिजतात आणि सुटे भाग मिळणं कठीण होत चाललं आहे. डिजिटल टेप बिघडतानाही आधी फारसा इशारा देत नाही: चुका दुरुस्त होतात तोवर चित्र स्वच्छ, मर्यादा ओलांडली की चित्राचे एकदम चौकोनी तुकडे. शिवाय हे काम रेटून उरकता येत नाही. मोठ्या कॅसेटमधली १२४ मिनिटं फाइलीत उतरवायला डेक तितकी मिनिटं चालवावाच लागतो.