पट्टे जागेवरच, मग चालतं कोण?

"मागून मोटर लावली असन ना!" शेजारच्या काकूंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. एका संग्रहालयातलं दालन होतं. वास्तुविशारदांनी भिंती काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनी मढवल्या होत्या आणि पुढे तसेच पट्टे छापलेला झिरझिरीत पडदा सोडला होता. माणूस चालला की भिंतीवरून लाटा धावायच्या.

मोटर नाही, वीजही नाही. मी काकूंना गच्चीवर नेलं. नागपूरच्या उन्हाळ्यात ग्रीन नेट बांधावीच लागते. आमची एका कोपऱ्यात दुमडून दुहेरी झाली आहे. त्याखाली मान हलवली की गडद-फिकट लाटा सरकतात, एकेरी नेटखाली मात्र काहीच दिसत नाही. या लाटांना मोआरे म्हणतात. पाण्यासारखी लहर दिसणाऱ्या रेशमी कापडाचं हे नाव.

समजा, दोन पडद्यांवर दर 1 सेंटिमीटरला एक काळी रेघ आहे आणि रेघ जितकी जाड तितकीच फट. पहिला पडदा डोळ्यांपासून 2 मीटरवर, दुसरा त्याच्या 20 सेंटिमीटर मागे. लांबचं लहान दिसतं, म्हणून पुढच्या 10 रेघांच्या जागेत मागच्या 11 मावतात. रेघेमागे रेघ लपली तिथे फटीतून उजेड येतो. मागची रेघ फटीत आली तिथे अंधार. असा उजेडाचा पट्टा दर 10 सेंटिमीटरला पडतो.

आता 10 सेंटिमीटर बाजूला सरका. मागच्या रेघा पुढच्यांच्या मानाने जेमतेम एक घर सरकतात, पण उजेडाचा पट्टा पूर्ण 10 सेंटिमीटर सरकतो. तुम्ही जितके चालाल, तितकाच तोही चालतो! लहानपणी चांदोबा सोबत चालायचा, अगदी तसाच. मागे हटलात तरी तो डोळ्यांना लहान दिसत नाही, कारण जितके लांब जाल तितका पट्टा पडद्यावर रुंद होत जातो. डोळ्याशी होणारा कोन तोच राहतो, इथे सुमारे 3 अंश, म्हणजे चंद्राच्या सहापट. मला हा हिशेब पहिल्यांदा सुटला तेव्हा रात्रभर झोप आली नव्हती.

'चित्र हलताना दिसलं तर तुम्ही तणावात आहात' असे मेसेज फिरतात, ते खोटे आहेत. त्या चित्रांतली हालचाल आपल्या दृष्टियंत्रणेत घडते आणि ती निरोगी माणसालाही दिसते. मोआरे तर कॅमेऱ्यालाही दिसतो. 1874 मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी काचेवरच्या बारीक रेघा नेमक्या आहेत का, हे मोआरेच्याच मदतीने तपासलं. 2018 मध्ये ग्राफिनचे, म्हणजे कार्बनचे, एका अणूइतके जाड दोन थर सुमारे 1.1 अंशाने फिरवून एकावर एक ठेवले, तेव्हा अतिथंड तापमानात त्यातून वीज विनारोध वाहिली. तिथेही हीच जाळी होती, फक्त अणूंची.

आमच्या नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे इथल्या संग्रहालयात, किंवा रमण विज्ञान केंद्रात असं एक दालन व्हावं, असं मला मनापासून वाटतं. तोवर घरातले दोन सारखे कंगवे खिडकीच्या उजेडात बोटभर अंतराने एकामागे एक धरा आणि मान डावी-उजवीकडे न्या. काकू तेच करत बसल्या होत्या, कुकरची तिसरी शिट्टी झाली तरी.