दीड वर्षाचा 'हंगाम' : डेझिरे एलिस यांच्या प्रशिक्षकपदाची पार्श्वभूमी

दक्षिण आफ्रिकेच्या महिला फुटबॉल संघाच्या प्रशिक्षक डेझिरे एलिस यांच्याविषयीचे लेखन बहुधा २०२२ च्या रबात येथील आफ्रिकी विजेतेपदापासून सुरू होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्या कायम प्रशिक्षक झाल्या; त्यापूर्वीचा काळ त्यात दोन ओळींत उरकला जातो.

खेळाडू म्हणून त्यांना उशीर झाला, पण तो त्यांच्यामुळे नव्हे. केप टाउनच्या सॉल्ट रिव्हर भागात १९६३ साली जन्मलेल्या एलिस गल्लीत मुलांबरोबर खेळत वाढल्या. वर्णभेदी राजवटीमुळे देश आंतरराष्ट्रीय फुटबॉलबाहेर होता, त्यामुळे राष्ट्रीय महिला संघाचा पहिला सामना मे १९९३ मध्ये, स्वाझीलँडविरुद्ध झाला. तेव्हा त्या तीस वर्षांच्या होत्या. संघ १४-० असा जिंकला आणि त्यांनी हॅट्ट्रिक केली. संघासाठी वेळ दिल्यामुळे मांसाच्या व्यवसायातली मसाले मिसळण्याची त्यांची नोकरी मात्र गेली. पुढे त्या कर्णधार झाल्या.

खरा वादाचा मुद्दा 'हंगामी' या शब्दाचा आहे. रिओ ऑलिंपिकनंतर २०१६ मध्ये परदेशी प्रशिक्षक पायउतार झाल्या आणि सहायक असलेल्या एलिस यांच्याकडे सूत्रे आली, ती हंगामी म्हणून. हंगामी म्हणजे एका हंगामापुरते. हा हंगाम सुमारे दीड वर्ष चालला. त्या अवधीत संघ कॅमेरूनमधील आफ्रिकी स्पर्धेत चौथा आला आणि २०१७ मध्ये दक्षिणेकडील देशांच्या स्पर्धेत विजेता ठरला, तरीही नेमणूक कायम होत नव्हती. घाई नको, या भूमिकेत तथ्य असू शकते; पण मैदानावर निकाल येत असताना ती भूमिका दीड वर्ष ताणणे समर्थनीय वाटत नाही.

कायम झाल्यावर त्याच वर्षअखेरीस संघ आफ्रिकी स्पर्धेच्या अंतिम फेरीत पेनल्टींवर हरला, मात्र पहिल्या विश्वचषकाची पात्रता त्याने मिळवली. २०१९ च्या त्या विश्वचषकात तिन्ही सामने गमावले.

२०२३ च्या विश्वचषकापूर्वी मानधनावरून मुख्य खेळाडूंनी बोत्सवानाविरुद्धच्या सराव सामन्यावर बहिष्कार टाकला. ऐनवेळी उभ्या केलेल्या संघात तेरा वर्षांची एक मुलगी होती आणि तो संघ ०-५ असा हरला. महिनाभरात, वेलिंग्टनमध्ये, मुख्य संघाने भरपाई वेळेतल्या गोलवर इटलीला ३-२ असे हरवून बाद फेरी गाठली. त्या देशाच्या पुरुष संघालाही विश्वचषकात तोवर ते साधलेले नव्हते.