सुजवटी (क्वाशिओरकोर)

तीव्र कुपोषणाचा अंगावर सूज आणणारा प्रकार. मुख्यतः १ ते ३ वर्षांच्या मुलांत आढळतो. केस तांबूस व विरळ होतात, कातडी सोलवटते, भूक मरते, मूल सतत किरकिरते. सुकटीत (मरास्मस) मुलाचा सापळा उघडा पडतो. सुजवटीत मात्र गाल फुगतात, वजनकाटाही फसवतो. म्हणून दोन्ही पावलांवर अंगठ्याने ३ सेकंद दाबून पाहणे अत्यावश्यक. दोन्हीकडे खळगा राहिला, तर दंडघेर (दंडाच्या मध्यभागाचा घेर) ११५ मिमीच्या वर असला तरी मूल ‘सॅम’ (अतितीव्र कुपोषण) श्रेणीतच धरतात.

रोगाचे नाव गोल्ड कोस्टमधील (आताचे घाना) गा भाषेतले. तिथे काम करणाऱ्या डॉक्टर सिसिली विल्यम्स यांनी १९३३ मध्ये मक्यावर पोसलेल्या मुलांतील हा आजार वर्णिला व १९३५ मध्ये त्याला हे नाव वापरले. काही लेखकांनी ‘तांबडा मुलगा’ असा अर्थ लावला. विल्यम्स यांनी दिलेला अर्थ, पाठचे भावंड आल्यावर अंगावरचे तुटलेल्या मुलाचा आजार, अधिक ग्राह्य वाटतो. आपल्याकडच्या कोणत्याही आजीला तो समजावून सांगावा लागणार नाही.

कारणाबाबत मतभेद आहेत. प्रथिनांची कमतरता हेच कारण, ही समजूत अनेक दशके टिकली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे सी. गोपालन यांनी १९६०च्या दशकात दाखवले, की सुकटी व सुजवटी झालेल्या मुलांच्या आधीच्या आहारात ठळक फरक नव्हता. फरक असावा तो उपासमारीशी जुळवून घेण्याच्या शरीराच्या क्षमतेत. पुढे संशोधक मायकल गोल्डन यांनी मुक्त मूलकांमुळे (शरीरात तयार होणाऱ्या अस्थिर रेणूंमुळे) पेशींना होणारी इजा हे कारण पुढे केले. परंतु मलावीतील चाचणीत (२००५) प्रतिऑक्सिडीकारके (मुक्त मूलकांना निष्प्रभ करणारे पदार्थ) देऊन रोग टळला नाही. तिथल्याच जुळ्यांच्या अभ्यासातून (२०१३) आतड्यातील जीवाणूंचाही संबंध दिसला. एकट्या प्रथिनांवर बोट ठेवणारे मत आता मागे पडले आहे.

उपचारांत या बदललेल्या मताला फार महत्त्व आहे. पहिल्या दिवसांत भरपूर प्रथिने किंवा लोह देणे घातक ठरते. आधी रक्तातील साखर व अंगाची ऊब सांभाळावी, प्रतिजैविके सुरू करावीत. एफ-७५ हे पातळ दूध (१०० मिलीत ७५ किलोकॅलरी, प्रथिने सुमारे ०.९ ग्रॅम) दर २-३ तासांनी, रात्रीही, वाटी-चमच्याने पाजतात. सूज उतरवायला लघवीचे औषध कधीही देऊ नये. शिरेतून सलाइन केवळ शॉकमध्येच, कारण अशक्त हृदयाला तो भार पेलत नाही. भूक परतल्यावर एफ-१०० (अधिक कॅलरींचे दूध) किंवा शेंगदाण्याचा तयार उपचार-आहार. भूक शाबूत, सूज सौम्य व गुंतागुंत नसल्यास घरीच उपचार चालतात. अन्यथा पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करावे लागते.

सूज उतरताना वजन घटते. आई हबकते, मुलाला घेऊन घरी निघते. हे घटणे बरे होण्याचीच खूण आहे, हे तिला दाखल करतानाच सांगावे.