एकच ओढा, पाच गटांची पाच उत्तरे

विद्यापीठात प्राकृतिक भूगोलाच्या क्षेत्रपद्धती शिकवताना गटांना वेगवेगळ्या जागा वाटून देण्याचा मोह होतो. त्यामुळे प्रदेश भरपूर पाहून होतो, पण कोणाचाच आकडा कोणाशी ताडून पाहता येत नाही. म्हणून निदान पहिले मोजमाप तरी सगळ्या गटांनी एकाच ओढ्याच्या एकाच छेदावर, म्हणजे पात्राला आडव्या जाणाऱ्या एकाच रेषेवर, करावे. विसर्गाची, म्हणजे दर सेकंदाला छेदातून किती पाणी वाहते याची, उत्तरे वेगवेगळी येतात आणि ती का वेगळी आली, हे शोधण्यात अर्धा दिवस गेला तरी तो सत्कारणी लागतो.

छेदासाठी पात्र सरळ असावे, मोठे दगड आणि भोवरे नसावेत. दोन्ही काठांवर खुंट्या ठोकून टेप प्रवाहाला काटकोनात ताणायचा. रुंदीचे साधारण 20 ते 25 भाग करायचे, पण ते सारखेच हवेत असे नाही. कोणत्याही एका भागातून एकूण विसर्गाच्या 10 टक्क्यांहून जास्त पाणी जाऊ नये, म्हणून खोल आणि वेगवान पट्ट्यात भाग अरुंद ठेवायचे. प्रत्येक ठिकाणी आधी खोली मोजायची, मग प्रवाहमापक (पाण्याचा वेग मोजणारे उपकरण) पृष्ठभागापासून 0.6 खोलीवर, म्हणजे एकूण खोलीच्या 60 टक्के खाली, धरून किमान 40 सेकंदांचा सरासरी वेग घ्यायचा. तळाशी घर्षणामुळे वेग घटतो, वर तो जास्त असतो. उथळ पाण्यात त्या उभ्या रेषेवरचा सरासरी वेग साधारण 0.6 खोलीवर सापडतो. खोली 75 सेंटिमीटरच्या वर गेली, तर 0.2 आणि 0.8 खोलीवरच्या वेगांची सरासरी घ्यावी.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे 0.6 हे अंतर तळापासून मोजणे. मापक वर सरकतो आणि विसर्ग खऱ्यापेक्षा जास्त येतो. दुसरी चूक उभे राहण्याची: मापकाच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येते त्या बाजूला, पाय असले की ते प्रवाह अडवतात. खालच्या अंगाला, एका बाजूला सरकून, हात लांब करून मापक धरावा. काठाशी एक मोजपट्टी रोवून सुरुवातीला आणि शेवटी पाण्याची पातळी वाचणेही आवश्यक आहे. मधल्या वेळात पातळी बदलली असेल, तर गटांमधला फरक खराही असू शकतो.

सुरक्षेचा नियम आकड्यातच सांगावा. मीटरमधली खोली गुणिले मीटर प्रति सेकंदातला वेग 1 च्या जवळ गेला, की अनुभवी माणसानेही पाण्यात उतरू नये. विद्यार्थ्यांसाठी ही मर्यादा 0.5 ठेवणे शहाणपणाचे.

पात्रातल्या गोट्यांचे आकार कळावेत म्हणून करायची गोट्यांची मोजणी दिसायला सोपी आहे. अमेरिकी भूरूपशास्त्रज्ञ वोलमन यांनी 1954 मध्ये मांडलेल्या पद्धतीत ठरावीक पावलांनी पात्र ओलांडत जायचे, दर थांब्याला नजर वळवून बुटाच्या टोकाशी बोटाला पहिला लागेल तो गोटा उचलायचा आणि त्याचा मधला अक्ष (सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड यांच्या मधली बाजू) मोजायचा, असे 100 गोटे. पण बोट नकळत मोठ्या गोट्याकडे जाते आणि बारीक खडे सुटतात. एकाच पट्ट्यात दोघांनी स्वतंत्रपणे 100-100 गोटे मोजून आकारांच्या वाटणीचे दोन्ही वक्र एकाच आलेखावर काढावेत. पूर्वग्रह डोळ्यांना दिसतो. रुतलेला गोटा सोडून देणे हाही पूर्वग्रहच. तो जागेवरच मोजावा.

तलमापनात, म्हणजे बिंदूंच्या उंचीतला फरक मोजताना, लेव्हल (आडवी दृष्टिरेषा देणारी दुर्बीण) मागच्या आणि पुढच्या स्टाफपासून (उभ्या धरलेल्या मोजपट्टीपासून) समान अंतरावर ठेवली, तर दृष्टिरेषेच्या कलाची चूक आपोआप वजा होते. फेरी सुरुवातीच्या बिंदूवर आणून बंद करायची. 12 गुणिले किलोमीटरमधल्या अंतराचे वर्गमूळ, एवढे मिलिमीटर फरक चालतो. म्हणजे 400 मीटरच्या फेरीला साधारण 8 मिलिमीटर. मात्र फेरी जुळली म्हणून सगळे वाचन बरोबर ठरत नाही. छेदाचे बहुतेक बिंदू मधल्या वाचनांतून, म्हणजे लेव्हल एका जागी असताना मागच्या आणि पुढच्या वाचनांच्या दरम्यान घेतलेल्या वाचनांतून, येतात आणि तिथली चूक फेरीच्या बेरजेत उतरतच नाही. म्हणून त्यांतले चार-पाच बिंदू लेव्हल दुसरीकडे मांडून पुन्हा वाचावेत. हातातल्या जीपीएसवर इथे भिस्त ठेवू नये: त्याची आडवी चूकच काही मीटरची असते, उंचीची त्याहून जास्त.

नोंदी पेन्सिलीने आणि जागेवरच. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ, खोडरबर नाही. गुण देताना अंतिम उत्तरापेक्षा या कच्च्या वहीला आणि गटाने आपल्या आकड्याला लावलेल्या अनिश्चिततेला जास्त वजन द्यावे. हिशेब त्याच संध्याकाळी पुरा करून घ्यावा. खुंट्या अजून जागेवर असतात, त्यामुळे संशयास्पद वाटलेला छेद दुसऱ्या सकाळी पुन्हा मोजता येतो.