आपल्या कडुनिंबावरचा वटवट्या नॉरफोकमध्ये दुर्मिळ का?

थंडीत सकाळी खिडकीबाहेरच्या झाडातून 'चिस्वी... चिस्वी...' असा बारीक आवाज सारखा येत असतो, बऱ्याच जणांना तो चिमणीचाच वाटतो, पण तो असतो ग्रीनिश वार्बलर, म्हणजे एक हिरवट वटवट्या. पावसाळा सरताना येतो, एप्रिलपर्यंत इथेच असतो, आंबा, कडुनिंब, सोसायटीतला बदाम, काहीही चालतं त्याला. आपण मान वर करून बघतही नाही. आणि याच पक्ष्यासाठी इंग्लंडच्या नॉरफोक काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, लोक ऑगस्टच्या शेवटी रजा टाकून, किनाऱ्यावरच्या दगडगोट्यांत पाय रुतवत काही किलोमीटर चालत जातात, आणि दिसला की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

नकाशात इंग्लंडच्या उजव्या अंगाला समुद्रात घुसलेला जो फुगवटा दिसतो तो नॉरफोक. त्याचा वरचा किनारा थेट उत्तरेकडे तोंड करून आहे, समोर नुसता नॉर्थ सी. तिथे ब्लेकनी पॉइंट नावाची वाळू-गोट्यांची एक लांबलचक जीभ समुद्रात गेलीय, झाडं नाहीतच म्हणा, थोडी खुरटी झुडपं. म्हणून तर मजा आहे, कारण रात्रभर उडून दमलेल्या पक्ष्याला पहाटे जमीन दिसते ती हीच, आणि बसायला जागा म्हणजे ती चार झुडपं.

हे होतं कसं ते बघा. हे छोटे पक्षी रात्री प्रवास करतात. नॉर्वे-स्वीडनकडे आकाश स्वच्छ असलं की संध्याकाळी हजारोंनी निघतात, पण मध्येच समुद्रावर पूर्वेचा वारा, पाऊस आणि धुकं गाठतं, तारे दिसेनासे होतात आणि वारा त्यांना पश्चिमेकडे ढकलत नेतो. पहाटे मग नॉरफोकच्या किनाऱ्यावर अक्षरशः पक्ष्यांचा सडा पडतो, तिथले लोक त्याला 'फॉल' म्हणतात. म्हणून तिथला पक्षीनिरीक्षक रोज आधी वाऱ्याची दिशा बघतो, पूर्वेचा वारा आणि सोबत पाऊस म्हटलं की त्याला झोप येत नाही. अशा वेळी ब्लूथ्रोटसुद्धा येतो, आपल्याकडे ज्याला शंकर म्हणतात तो.

पण वाऱ्याने सगळं कोडं सुटत नाही. ३१ ऑक्टोबर १८९६ ला नॉरफोकच्याच क्ले गावाजवळच्या बंधाऱ्यावर एक पक्षी मिळाला, पॅलासचा पर्ण वटवट्या, ब्रिटनमधली त्याची पहिलीच नोंद. वजन पाच-सहा ग्रॅम, म्हणजे चमचाभर साखरेएवढं, आणि घर सैबेरियात! 'मिळाला' म्हणजे बंदुकीने मारला, कारण त्या काळी नोंद मानायची तर पक्षी हातात लागायचा. आज त्याबद्दल वाचताना वाईट वाटतंच, पण तो पक्षी तिथे आला होता हे आपल्याला त्यामुळेच माहितीय हेही खरं.

सैबेरियातून आग्नेय आशियाला जायचं सोडून तो बरोबर उलटा इंग्लंडला कसा गेला? यातला मुख्य मुद्दा असा की लहान पक्ष्यांची पिल्लं पहिला प्रवास आईबापांशिवाय करतात, कुठल्या दिशेला किती उडायचं हे जन्मतःच सोबत येतं. जर्मनीत ब्लॅककॅप या युरोपातल्या छोट्या वटवट्यांवर सुंदर प्रयोग झाले, नैऋत्येला जाणारे आणि आग्नेयेला जाणारे अशांची जोडी लावली तर पिल्लांचा कल मधल्या दिशेला, दक्षिणेकडे निघाला. म्हणजे दिशा वारशाने येते. मग एखाद्या पिल्लात तो वारसा थोडा बदलला की ते भलतीकडे निघणार, यातली बरीचशी समुद्रात संपत असतील, थोडी नॉरफोकला पोचतात.

बरीच वर्षं समज असाच होता की ही पोरं भरकटली, संपली. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट इथे येते. रिचर्ड्स पिपिट म्हणून एक तीरचिमणी आहे, सैबेरिया-मंगोलियाची, हिवाळ्यात भारतातही येते, नॉरफोकला शरद ऋतूत थोडीफार दिसते. दक्षिण फ्रान्समध्ये थंडीत या पक्ष्यांच्या पायात कड्या घातल्या, काहींच्या अंगावर उजेडाची नोंद ठेवणारी इवलीशी यंत्रं बसवली (त्या नोंदीवरून पक्षी कुठे होता ते कळतं), आणि तेच पक्षी पुढच्या हिवाळ्यात त्याच जागी परत आले! मधला उन्हाळा ते सैबेरियात काढून आले होते. २०२१ मध्ये हा अभ्यास छापून आला. म्हणजे ज्याला आपण वाट चुकलेला म्हणत होतो तो नवी वाट पाडत होता.

दुर्मिळ म्हणजे किती दुर्मिळ यासाठी तिथे पद्धत आहे. देशभरात अगदी क्वचित दिसणाऱ्या पक्ष्यांच्या नोंदी १९५९ पासून एक राष्ट्रीय समिती तपासते, आणि दरवर्षी थोडे तरी दिसणारे, म्हणजे तुरळक, ते काउंटीची समिती बघते. फोटो, वर्णन, कुठून बघितला, सगळं द्यावं लागतं, नाहीतर नोंद नाकारतात. नॉरफोकच्या यादीत सव्वाचारशेहून जास्त जाती आहेत, एका काउंटीसाठी प्रचंडच.

२००८ च्या जानेवारीत क्ले गावात एका घराच्या बागेत अमेरिकेतला, डोक्यावर पांढरे पट्टे असलेला चिमणीसारखा एक पक्षी आला, व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो. बघायला येणाऱ्यांनी चर्चच्या दुरुस्तीसाठी डबा भरला, हजारो पौंड जमले, आणि आता त्या चर्चच्या रंगीत काचेच्या खिडकीत तो पक्षी कायमचा बसलाय.

भोरडीचं तर विचारूच नका. आपल्याकडे ज्वारीच्या शेतात माळा बांधून गोफणीने ज्यांना हाकलायचे त्या भोरड्या. पण २०१८ आणि २०२० च्या उन्हाळ्यात मोठ्या संख्येने पश्चिमेकडे सरकल्या, आणि ब्रिटनमध्ये लोकांच्या परसात एखाददुसरी गुलाबी भोरडी उतरली की बघायला रांग.

आता दुसरा प्रकार, जे पक्षी मुळात तिथलेच पण माणसाने संपवले. दलदली उपसून शेती केली, वर शिकार. क्रौंच सुमारे चारशे वर्षं गायब होते, १९७९ मध्ये तीन क्रौंच नॉरफोकच्या ब्रॉड्स या उथळ तळ्यांच्या भागात हॉर्सीला उतरले, जमीनमालकाने गुपचूप राखण केली आणि १९८२ मध्ये पहिलं पिल्लू उडालं. बिटर्न हा वेतासारख्या बोरूच्या रानात लपणारा बगळा, नर असा घुमतो की काही किलोमीटरवर ऐकू येतं, तोही एकोणिसाव्या शतकात संपला होता. १९११ मध्ये एमा टर्नर या बाईंना त्याचं पिल्लू सापडलं, त्यांनी फोटो काढला. पुढे पुन्हा संख्या घटली, १९९७ मध्ये अख्ख्या ब्रिटनमध्ये घुमणारे नर फक्त ११! मग बोरूची रानं नीट राखली, पाणी खेळवलं, आणि आज ते दोनशेच्या वर आहेत. आणि आपल्या भिगवणला थव्याने दिसणारा चमचा हा पक्षी, त्याने तीनशेहून जास्त वर्षांनी २०१० मध्ये नॉरफोकच्याच होल्कमला वसाहत केली, सहा जोड्या, दहा पिल्लं.

याचं बरंचसं श्रेय १९२६ च्या एका खरेदीला द्यायला हवं असं मला वाटतं. सिडनी लाँग नावाच्या डॉक्टरांनी क्लेची ४०७ एकर दलदल ५,१०० पौंडांना घेतली आणि ती राखायला ट्रस्ट काढला, ब्रिटनमधला काउंटी पातळीवरचा पहिला. आज असे ट्रस्ट सगळ्या देशात आहेत.

पण सगळेच परत आले नाहीत. माँटेग्यूचा भोवत्या हा सडपातळ शिकारी पक्षी नॉरफोकमध्ये सातूच्या आणि गव्हाच्या शेतात जमिनीवर घरटं करायचा, कापणीच्या यंत्रापासून वाचावं म्हणून शेतकऱ्यांशी बोलून घरट्याभोवती कुंपण घालायचे. ते पक्षी हिवाळ्यात सेनेगलकडे जात. आपल्या सोलापूरकडच्या माळरानात येतात ते त्यांचे भाऊबंद, मध्य आशियातले, संध्याकाळी गवतात एकत्र मुक्कामाला उतरतात. नॉरफोकची घरटी मात्र जवळजवळ दिसेनाशी झालीयत. मे महिना लागला की तिथली माणसं अजूनही सातूच्या शेतांवर डोळे लावून असतात.